आगोटीच्या यादीत कुत्र्या-मांजरांचेही नाव हवे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना उतरणीला लागला की कोकणातल्या घराघरांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, धावपळ सुरू होते. कौले चाळून होतात, पडवीला झापे किंवा ताडपत्री लागते, जळाऊ लाकडे आत येतात. तांदूळ, कुळीथ, सोले, सुकी मासळी डब्यांत भरली जाते. गुरांसाठी पेंढा रचला जातो. या यादीत घरच्या कुत्र्याचे आणि मांजराचे नाव मात्र नसते. त्यांचे काय, पडवीत पडून राहतील आणि उरलेसुरले खातील, असा हिशेब असतो. आपल्याकडे या जनावरांना जे आजार आणि अपघात होतात त्यांतले पुष्कळसे जून ते सप्टेंबरमध्ये होतात, आणि त्यांवरची बहुतेक तजवीज एप्रिल-मेमध्येच करावी लागते. म्हणून हे पत्र मृगानंतर न लिहिता आधीच लिहीत आहे.

प्रथम एक कडू गोष्ट. दर उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या गाड्यांतून गावी एखादे लॅब्रॅडॉरचे नाहीतर हस्कीचे पिल्लू उतरते. ‘आई-बाबांना सोबत होईल’ हा हेतू प्रेमाचाच असतो. वर्षभरात ते पिल्लू तीस किलोंचे होते आणि शेवाळलेल्या खळ्यात सत्तरीच्या माणसाला साखळीसकट ओढते. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. पंजांच्या तळव्यांना येतो तो नावापुरता. अंगातली उष्णता तो धापा टाकत जिभेवरचे पाणी उडवून बाहेर काढतो. हवाच पाण्याने जड झालेली असली की हे पाणी उडत नाही, आणि किनाऱ्यावरचे ३३ अंशसुद्धा त्याला सोसत नाहीत. दाट दुहेरी केसांचा हस्की, बसक्या नाकाचा पग यांचे इथे हालच होतात. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असते. ते १०४ च्या वर गेले की साध्या थंड पाण्याने पोट, काखा आणि पंजे भिजवावेत, पंखा लावावा आणि दवाखाना गाठावा. बर्फ लावू नये. त्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि उष्णता आतच कोंडते.

गावठी कुत्रा या हवेचा असतो. आखूड केसांमुळे तो पुसल्यावर लवकर सुकतो, आणि घरच्या जेवणावरही नीट पोसतो. वयस्कर माणसांच्या घरात तर पिल्लू नकोच, दीड-दोन वर्षांचा शांत कुत्रा आणावा. बंद पडत चाललेल्या वाड्यांत जिथे दोनच माणसे उरली आहेत, तिथे पाणंदीच्या वळणावर कोण आले हे आधी कळणे आणि संध्याकाळी कोणीतरी आपली वाट पाहत असणे याचे मोल वेगळे सांगायला नको. मांजराचे तर उपकारच आहेत. भाताच्या कणगीभोवती उंदीर कमी, तर उंदरांच्या मागे घरात शिरणारे साप-जनावरही कमी.

उंदरांचा विषय आला आहे तर लेप्टोपासूनच सुरुवात करतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू उंदराच्या मुतातून चिखलात आणि साचलेल्या पाण्यात उतरतात. लावणीच्या दिवसांत माणसाला तो पायाच्या चिरांतून होतो, तसाच कुत्र्याला डबक्याचे पाणी चाटून आणि पंजांच्या जखमांतून होतो. त्यावर कुत्र्यासाठी लस आहे. पहिल्या वर्षी ती तीन-चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा आणि नंतर दरवर्षी एकदा द्यावी लागते. दुसऱ्या डोसनंतर अंगात पुरती ताकद यायला साधारण दोन आठवडे जातात. मृग लागतो ७-८ जूनला. तिथून उलटे मोजले तर दुसरा डोस मेच्या तिसऱ्या आठवड्यात आणि पहिला एप्रिलअखेर पडायला हवा. जूनमध्ये धावाधाव करून उपयोग होत नाही. दुसरेही कारण आहे. लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते आणि पावसाळ्यात आपल्याकडची वीज कशी वागते हे सर्वांना ठाऊक आहे. फ्रीज दोन दिवस बंद पडून पुन्हा थंड झाला तरी लस पहिल्यासारखी होत नाही. लस घरी आणून टोचून घ्यायची असेल तर बर्फाच्या थर्मासमधूनच आणावी, पण ती बर्फाला थेट चिकटू देऊ नये. गोठलेली लसही वायाच जाते.

ताप, उलट्या, अंग आखडून जागचे न उठणे, डोळ्यांत पिवळेपणा, लघवी फार होणे किंवा अजिबात न होणे, ही लेप्टोची लक्षणे. अशा कुत्र्याची लघवी उघड्या हाताने पुसू नये. हातमोजे घालावेत आणि जागा ब्लीचिंगच्या पाण्याने धुवावी. घरातली तापाची गोळी मात्र कोणीही देऊ नये. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराचा जीव घेते, आणि माणसांच्या दुखण्यावरच्या डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते.

रेबीजची लस कुत्र्याइतकीच मांजरालाही हवी. तीन महिन्यांच्या वयात पहिली, मग डॉक्टर सांगतील तेव्हा पुढची, आणि नंतर दरवर्षी. ‘मांजर कुठे पिसाळते’ हा समज अजून पुष्कळ घरांत आहे. चावले किंवा नखाने रक्त काढले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण १५ मिनिटे धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण दोन मिनिटांतच पंधरा झाल्यासारखी वाटतात. चुना, हळद, मिरची, तंबाखू यांपैकी काहीही भरायचे नाही. सरकारी दवाखान्यात कातडीत टोचायची लस पहिल्या दिवशी आणि त्यानंतर तिसऱ्या, सातव्या व अठ्ठाविसाव्या दिवशी मिळते. रक्त आले असेल तर जखमेभोवती वेगळे सीरमही द्यावे लागते, ते आहे का हे विचारून घ्यावे. घरचाच कुत्रा आहे म्हणून स्वस्थ बसू नये. हा रोग एकदा दिसू लागला की त्यावर इलाज नाही.

आता ओलीबद्दल थोडे सविस्तर, कारण कोकणात निम्मे दुखणे तिथूनच येते. कुत्रा बाहेरून आला की दोन पंचे लागतात. पहिला दाबून पाणी टिपायला, दुसरा कोरडे पुसायला. पाठ सगळेच पुसतात. राहतात ती बोटांमधली खाच, काखा, जांघा आणि कानाची आतली पाळी. लोंबत्या कानांच्या कुत्र्याच्या कानात वारा जात नाही, तिथे आठ दिवसांत आंबूस वास आणि तपकिरी मळ सुरू होतो. असा कान कापसाने वरवर पुसावा, काडी आत घालू नये, आणि कानाचा पडदा शाबूत आहे का हे डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय कसलाही थेंब टाकू नये. पावसाळ्यात आंघोळ तीन-चार आठवड्यांतून एकदा पुरते, तीही उघडीप असेल त्या सकाळी. माणसांचा साबण नको, त्याच्या कातडीला तो मानवत नाही. काही घरांत ओल्या अंगाला चुलीची राख चोळतात. कोरडी राख ओल शोषते हे खरे, पण राख आणि पाणी मिळून खार तयार होतो आणि पोटाची मऊ कातडी भाजल्यासारखी लाल होते.

झोपायला गोणपाट घालण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. जून-जुलैत ते सुकत नाही. त्यापेक्षा जमिनीपासून चार-सहा इंच उंच लाकडी फळी आणि वर सुती चादर बरी. चादरींचे तीन जोड ठेवावेत, एक अंगाखाली, एक धुवायला आणि एक चुलीच्या उबेवर सुकत. केसांत नाण्याएवढे गोल, उघडे, कोंडा सुटलेले चट्टे दिसले तर ते गजकर्ण समजावे. ते मुलांनाही लागते. औषधांच्या दुकानातून ‘खाजेचे मलम’ आणून लावू नये. त्यांतल्या पुष्कळ मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस बरे वाटते आणि मग चट्टा दुप्पट पसरतो.

गोचिडांचे मूळ कुत्र्याच्या अंगावर कमी आणि आपल्या भिंतीत जास्त असते. भरलेली मादी अंगावरून उतरते आणि फटीत जाऊन हजारांनी अंडी घालते. जांभ्या दगडाचा, गिलावा न केलेला चिरा म्हणजे तिच्यासाठी आयती खोली. म्हणून उन्हाळ्यातच कुत्रा बसतो त्या भिंतीच्या भोकांत उकळते पाणी ओतावे, ती चुना-सिमेंटने बुजवावीत आणि फळी कडक उन्हात टाकावी. अंगावरची गोचीड चिमट्याने कातडीलगत पकडून सरळ ओढावी, पिळू नये. ती साबणाच्या पाण्यात टाकावी, नखाने फोडू नये. रॉकेल लावू नये. डॉक्टर वजनावरून फ्लुरालेनर किंवा अफोक्सोलेनरची गोळी देतात. पहिली साधारण बारा आठवडे काम करते, दुसरी महिनाभर. फिट येणाऱ्या कुत्र्याबद्दल ते आधी सांगावे. फवारणी किंवा धुण्याचे औषध वापरत असाल तर ते दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करावेच लागते, कारण अंड्यांवर औषध चालत नाही आणि तेवढ्यात नवी पिलावळ बाहेर आलेली असते. सर्वात मोठी चूक म्हणजे कुत्र्याचे औषध मांजराला लावणे. पर्मेथ्रिन असलेले थेंब मांजराला झटके आणून मारतात. कापूर घातलेले खोबरेल आणि काळे फिनेलही मांजराला विषच आहे, कारण पंजाला जे लागते ते मांजर चाटून पोटात घेते. मांजर असलेल्या घरात फरशी साबणाच्या पाण्याने पुसावी.

ताप, फिकट हिरड्या, नाकातून रक्त, चहासारखी लघवी यांपैकी काही दिसले तर तो गोचीडताप असू शकतो. त्यासाठी रक्त तपासावे लागते, नुसत्या अंदाजावर इंजेक्शने देत बसू नये. सिंधुदुर्गातल्या वाचकांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली. तो तापही रानगोचिडींमुळेच होतो, पण त्याचा हंगाम उलटा आहे, हिवाळ्यापासून मेपर्यंत, म्हणजे नेमका काजूच्या बागांत जाण्याच्या दिवसांत. कुत्रा बरोबर रानात गेला असेल तर परतल्यावर त्याचे अंग आणि आपले कपडे, दोन्ही झाडून-पाहूनच आत यावे.

जेवणाकडे येऊ. मासेमारी बंद झाली की मांजराची पंचाईत होते आणि लोक खारा बांगडा पुढे टाकतात. त्यात मीठ फार असते. उन्हात वाळवलेल्या बोंबलाला बहुधा मीठ लावलेले नसते, तो त्यातल्या त्यात बरा. तासभर भिजवून, पाणी दोनदा बदलून, उकडून द्यावा. जवळ्यात वाळू असते, तो निवळून घ्यावा. ताजा मासाही कच्चा देऊ नये. काही माशांत बी-१ जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो आणि तो उकळल्यावरच जातो. मात्र उकडलेले पाणी फेकू नये. मांजराला लागणारे टॉरिन त्या पाण्यात उतरते, तेव्हा पाण्यासकट भातात कालवावे. चार किलोंच्या मांजराला विकतचे कोरडे खाणे दिवसाला ५०-६० ग्रॅम पुरते. हे खाणे पावसाळ्यात सादळते आणि त्याला बुरशी येते, ती यकृताला बाधते. स्वस्त पडते म्हणून दहा किलोंची पिशवी घेऊ नये. महिन्यापुरते आणून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावे.

पंधरा किलोंच्या कुत्र्याला दिवसभरात साधारण ३०० ग्रॅम शिजलेला भात, २०० ग्रॅम काटे-हाडे काढलेले उकडलेले चिकन किंवा मासे, एक अंडे आणि चमचाभर तेल लागते. ते दोन वेळांत द्यावे. नुसत्या पेजेने पोट भरते, पण अंग भरत नाही. कॅल्शियमची जोड डॉक्टरांना विचारूनच द्यावी. वाटण घातलेले कालवण देऊ नये, कांदा आणि लसूण त्याच्या रक्तपेशी फोडतात. शिजलेली कोंबडीची हाडे फुटून टोकदार होतात. हापूसचा बाठा चाटता चाटता गिळला जातो आणि आतड्यात अडकतो. बाठा कितीही निरुपद्रवी दिसला तरी तो काढायला पोट उघडावे लागू शकते. काजूच्या टरफलातल्या तेलाने तोंड पोळते. समुद्रावर सोडलेल्या कुत्र्याने वाळूतला केंड मासा तोंडात घेतला तर ओढून काढावा, त्याच्या विषाला उतारा नाही. गळाची दोरी तोंडातून लोंबताना दिसली तर ओढू नये आणि अगदी मुळाशी कापूही नये. जेवढी बाहेर आहे तेवढी तशीच ठेवून एक्स-रे काढायला न्यावे.

उंदरांसाठी विष ठेवणाऱ्यांनी त्या विषाचे पाकीट जपून ठेवावे. झिंक फॉस्फाइडला उतारा नाही. ब्रोमाडायोलोनला आहे, व्हिटॅमिन के-१. पण त्याची लक्षणे दोन ते पाच दिवसांनी दिसतात, तोवर सगळे ठीकच वाटते. पाकीट हातात असले तर डॉक्टरांचा अर्धा वेळ वाचतो.

फुरसे हा आपल्या सड्यावरचा, कातळ-माळावरचा, विषारी साप. गडग्याच्या फटीत, चिऱ्यांच्या आणि लाकडांच्या ढिगात तो असतो, आणि कुत्रा नाक घालतो तेही तिथेच. चावा बहुतेक वेळा तोंडाला किंवा पुढच्या पायाला होतो. सर्वप्रथम गळ्यातला पट्टा काढावा, कारण सूज उतरत गळ्यापर्यंत येते. पाय आवळून बांधू नये, जखम कापू नये. त्याला चालवू नये, उचलून गाडीत घालावे. फुरशाच्या विषाने रक्त गोठत नाही. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत थोडे रक्त घेऊन वीस मिनिटे हलवायचे नाही. तरीही ते पातळच राहिले तर विष भिनले आहे असे समजते. या चाचणीला ना वीज लागते ना यंत्र. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चारांवर चालणारी जी लस माणसांना देतात तीच कुत्र्यालाही चालते. ती जवळच्या पशुवैद्यकाकडे असते का, हे मात्र मेमध्येच फोन करून विचारावे. रात्री अकरा वाजता, घाट बंद असताना तो प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

बेडकांतला खडबडीत अंगाचा भेक तोंडात धरला तर कुत्र्याला फेस येतो. तोंड खाली झुकवून पाणी बाहेर वाहील असे धुवावे, घशात ओतू नये. बिबट्याचा वावर असलेल्या वाडीत रात्री कुत्र्याला पडवीत साखळीला बांधणे म्हणजे त्याला वाढून ठेवण्यासारखे आहे. त्याला माजघरात घ्यावे, नाहीतर वरूनही जाळी असलेला पिंजरा करावा. कुत्र्याला सतत आखूड साखळीवर ठेवणे किंवा कारण नसताना जनावर सोडून देणे हे १९६० च्या कायद्याने गुन्हे आहेत, हेही या निमित्ताने सांगायला हवे. आणि ओटीवरच्या पिंजऱ्यातला राघू? आपल्या रानातला पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, तो कितीही गोड बोलत असला तरी.

गणपतीत घर माणसांनी भरते, फटाके वाजतात, दार सताड उघडे असते. कुत्रे हरवण्याचे हेच दिवस. पट्ट्यावर फोन नंबर लिहावा आणि आरतीच्या वेळी मागच्या खोलीत दार लावून ठेवावे. मनुका-बेदाणे असलेला प्रसाद कुत्र्याला देऊ नये, त्याने मूत्रपिंडे बिघडतात. गणपतीवरच्या माटवीला टांगलेल्या कवंडळाच्या फळांशी खेळणाऱ्या मांजराचा बंदोबस्त कसा करावा हे मात्र अजून कोणाला जमलेले नाही.

मांजरी पाच-सहा महिन्यांच्या वयात गाभण राहू शकते, आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही. साधारण ६५ दिवसांत वीत. मग जेटीवर आणि मासळी बाजारात पिशवीतून सोडलेली पिल्ले दिसतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात शस्त्रक्रिया करावी, शक्यतो उन्हाळ्यात किंवा दिवाळीनंतर, म्हणजे टाके ओलीत राहत नाहीत.

हे सगळे घरच्यांनी करावे. पण एक गोष्ट त्यांच्या हातात नाही. तालुक्यांचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुरांसाठी आहेत आणि ते रास्तच आहे. १९६२ या क्रमांकावरची फिरती पथकेही प्रामुख्याने गुरांसाठीच धावतात. मात्र प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत आठवड्याचा एक ठरलेला वार कुत्र्या-मांजरांसाठी राखून ठेवता येईल, शक्यतो आठवडा बाजाराचा, म्हणजे वाडीवरच्या माणसाला वेगळे रिक्षाभाडे पडणार नाही. त्या दिवशी लेप्टो आणि रेबीजची लस थंड पेटीसह उपलब्ध असावी आणि सर्पदंशाच्या लसीच्या चार-सहा कुप्या पावसाळाभर तिथे राहाव्यात. या दिवसाची सूचना ग्रामपंचायतीच्या फलकावर मार्चअखेर लागायला हवी. जूनमध्ये लावलेला कागद आमच्याकडे दोन दिवसांत भिजून खाली पडतो.

आपला,
एक वाचक, राजापूर तालुका